घरात कापूस भरलेला असताना आगीतून बाहेर पडण्याचा सराव कसा करावा?

आपला प्रश्न असा आहे की, मातीच्या भिंतींचे जुने घर, आठ माणसे, त्यांत अंथरुणाला खिळलेली आजी आणि पुढच्या खोलीत भाववाढीच्या आशेने ठेवलेला कापूस, अशा स्थितीत आग लागल्यास बाहेर पडण्याचा आराखडा कसा आखावा; शिवाय अशा सरावाला अपशकुन मानणाऱ्या आईची समजूत कशी घालावी. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो, आमचे घरही बरेचसे असेच आहे, आणि गेली चार वर्षे आम्ही हा सराव करीत आहोत.

पहिल्या वर्षी मी वहीच्या पानावर घराचा नकाशा काढला, प्रत्येक खोलीतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा बाणांनी दाखवल्या आणि काम झाले असे समजलो. चार दिवसांनी रात्री दहा वाजता सर्व दिवे मालवून प्रत्यक्ष सराव केला, तेव्हा त्या कागदाची किंमत कळली. कापूस चोरीला जाईल या भीतीने मागच्या दाराला आतून कुलूप होते. किल्ली मोठेबाबांच्या बंडीच्या खिशात, बंडी खुंटीला आणि ती खुंटी नेमकी कापसाच्या खोलीत. कुलूप उघडल्यावरही दार अर्धेच उघडले, कारण त्याला खताची पोती टेकलेली होती. मुले पुढच्या दाराने केव्हाच बाहेर गेली होती, पण हे ठाऊक नसल्यामुळे आई धाकट्याला शोधण्यासाठी पुन्हा माजघरात शिरली. सर्वजण बाहेर येईपर्यंत चार मिनिटांहून अधिक वेळ गेला. खरी आग असती, तर कवेलूच्या छपराखाली साठलेल्या धुराने एवढा वेळ दिला नसता.

म्हणून माझे पहिले सांगणे दाराविषयीच आहे. माणसे घरात झोपलेली असताना आतून कुलूप लावू नये, कडी आणि अडसर पुरेसे आहेत. कुलूप टाळणे अशक्यच असेल, तर किल्ली त्याच दाराच्या चौकटीला, लहान मुलाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर टांगावी. गज बसवलेली खिडकी ही दुसरी वाट नव्हे. आम्ही एका खिडकीचे गज काढून लोहाराकडून बिजागरीची जाळी बसवून घेतली, तिला आतून खिटी आहे.

आपल्याकडे कापूस पुढच्या खोलीत, म्हणजे मुख्य वाटेवरच आहे, ही गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. तो शक्य तितक्या लवकर आतल्या, वाटेत न येणाऱ्या खोलीत हलवावा, त्या खोलीत कोणी झोपू नये आणि तेथे मोबाइल चार्जिंगला लावू नये. कापसाची आग वरून विझल्यासारखी दिसली, तरी ढिगाच्या पोटात तासन्‌तास धुमसत राहते. त्यामुळे काही वाचवण्यासाठी कोणीही परत आत जायचे नाही, हा नियम मोठ्यांनाही लागू ठेवावा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजावर स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या. लागलेली आग आटोक्यात आली नाही आणि जहाजाचा स्फोट झाला. त्यात बळी गेलेल्या अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आम्ही सरावासाठी याच आठवड्यातील एक रात्र निवडतो, कारण जयंतीसाठी बाहेरगावी शिकणारी मुलेही घरी आलेली असतात.

आजींसाठी एक माणूस आणि तो घरी नसल्यास दुसरा, अशी दोन नावे ठरवून ठेवावीत. उचलून नेण्यापेक्षा चादरीवर निजवून ओढत नेणे बरे, कारण धूर वर चढतो आणि जमिनीलगत श्वास घेता येतो. आम्ही आधी धाकट्या भावाला निजवून पाहिले: जुन्या गोधडीची शिवण उसवली, सोलापुरी चादर मात्र टिकली. पण उंबरठ्यापाशी सगळे अडले. आमचा उंबरठा वीतभर उंच आहे. आता त्याच्या दोन्ही बाजूंना उतरत्या फळ्या ठोकल्या आहेत, आणि आजीची खाट माजघरातून ओसरीलगतच्या खोलीत आणली आहे.

सर्वांनी जमायची जागा मी आधी अंगणातील निंबाखाली ठरवली होती. मात्र तेथून विजेची तार जाते आणि बाजूलाच पऱ्हाटीची गंज आहे, म्हणून ती बदलून मारुतीचा पार केली. पारावर मोबाइलला रेंजही मिळते, त्यामुळे डोकी मोजून झाली की तेथूनच १०१ किंवा ११२ ला फोन करता येतो. तालुक्याहून बंब येईपर्यंत गावकऱ्यांवरच भिस्त असते, तेव्हा शेजाऱ्यांनाही हा आराखडा सांगून ठेवावा. गोठ्याला आग लागलेली नसेल तरच एकाने बैल सोडावेत, आणि दावे एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधावे.

झोपेत धुराच्या वासाने जाग येईलच असे नाही; बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म झोपण्याच्या खोलीत लावावा, चुलीजवळ लावल्यास तो रोजच वाजेल आणि कोणीतरी वैतागून त्याची बॅटरी काढून ठेवील.

राहिला अपशकुनाचा प्रश्न. आमच्या आईलाही तसेच वाटत होते, आणि माझ्या युक्तिवादाचा तिच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही. शेवटी मी घड्याळ तिच्याच हाती दिले. दुसऱ्या सरावात आम्ही एक मिनिट दहा सेकंदांत पारावर पोहोचलो, तेव्हा मोठेबाबा चप्पल शोधत थांबले म्हणून दहा सेकंद वाया गेले, असे तिनेच सर्वांसमोर सुनावले.