मध गोठला म्हणजे साखर मिसळली का? शेतकऱ्यांच्या तीन प्रश्नांना उत्तरे

औसा तालुक्यातून : सूर्यफुलाजवळ मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्याकडून मध घेतला. थंडीत तो तुपासारखा गोठला. गावात म्हणतात, माशांना साखरेचा पाक पाजला. खरे काय?

नुसत्या गोठण्यावरून भेसळ ठरत नाही. १०० ग्रॅम मधात ८० ग्रॅमच्या आसपास साखरच असते. फ्रुक्टोज साधारण ३८, ग्लुकोज ३१, बाकी माल्टोज वगैरे. पाणी १७-१८ ग्रॅम. यातले ग्लुकोज पाण्यात कमी विरघळते, म्हणून तेच रवा धरते. सूर्यफुलाच्या मधात ते जास्त असते, त्यामुळे हा मध लवकर गोठतो. १४ अंशांच्या आसपास रवा सर्वांत झपाट्याने धरतो आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा तेवढा सहज उतरतो.

बरणी कोमट पाण्यात ठेवा, पाणी हाताला सोसेल इतकेच गरम हवे. गॅसवर मात्र चढवू नका. माशीने मधात घातलेली एन्झाइम्स जास्त उष्णतेने मरतात, मग उरतो तो जवळपास पाकच. काडी पेटवून पाहणे, पाण्यात थेंब सोडणे या कसोट्यांवरही विसंबू नका. घट्ट पाकही त्यात पास होतो. शंका फारच असेल तर प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे.

घनसावंगी तालुक्यातून : वडिलांना शुगरची गोळी सुरू आहे. साखर बंद करून मध दिला तर चालेल ना?

नाही. मध जड असल्याने चहाच्या एका चमच्यात तो ७ ग्रॅम मावतो, म्हणजे २० कॅलरीच्या वर. साखर तेवढ्याच चमच्यात ४ ग्रॅम, १६ कॅलरी. प्रथिने, जीवनसत्त्वे, खनिजे मधात नावापुरतीच. लोह हवे असेल तर मेथी-पालक आणि डाळी खा. द्यायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, साखरेच्या हिशेबात धरूनच द्या. विचारलेले नाही, तरी सांगतो : एक वर्षाच्या आतल्या बाळाची गुटी मधात उगाळू नका. मधात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, बाळाच्या जिवावर बेतू शकते. आजीबाई रागावल्या तरी चालेल.

केज तालुक्यातून : बांधावरच्या वडाला आग्या मोहोळ लागले आहे. काढणारे अर्ध्या वाट्यावर तयार आहेत. काढू द्यावे का? या माशा पेटीत पाळता येतील का?

आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे लावते, पेटीत टिकत नाही. पाळायच्या त्या सातेरी (देशी माशी) किंवा मेलीफेरा (युरोपियन माशी). फुलोरी माशी बोराटीत, कुंपणात छोटे पोळे करते, तीही पेटीतली नव्हे. जाळ करून काढलेल्या पोळ्यातला मध पिलांसकट पिळला जातो. त्यात पराग आणि पिलांचा रस उतरतो, पाणी वाढते, आणि तो काही दिवसांत फसफसतो. रात्रीतून हजारो माशा जळतात ते वेगळेच.

माझे मत स्पष्ट आहे : वड रस्त्यावर किंवा शाळेजवळ नसेल, तर मोहोळ राहू द्या. हंगाम बदलला की आग्या स्वतःच जागा सोडतात. तोवर तुमच्या तुरीला आणि शेजाऱ्याच्या सूर्यफुलाला त्या फुकट राबतात. माशा नसल्या की सूर्यफुलाला सकाळी ७ ते ११ च्या दरम्यान तळहाताला मऊ कापड गुंडाळून फुलाफुलावर हात फिरवत बसावे लागते. दाणे पोचट राहिलेले ज्यांनी पाहिले, त्यांना ही मजुरी ठाऊक आहे.

पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक टाळा. अळीने नुकसानीची पातळी ओलांडली आणि फवारणी भागच पडली, तर माशा परतल्यावर, दिवस मावळताना करा. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे फुलोऱ्यात नकोतच. शेजारी कोणाच्या पेट्या असतील तर त्याला आदल्या दिवशी कळवा, म्हणजे तो दारे बंद ठेवील.

पेटीतल्या माशा पाळायच्या असतील तर खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण मिळते आणि साहित्यावर ५० टक्के अनुदान आहे. अर्ज जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावा.