क्लिंगॉन भाषेत ‘इ.स.पू. 44’ आणि ‘शके 1596’ कसं लिहायचं?

क्लिंगॉन म्हणजे ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या परग्रहवासीयांची, मुद्दाम रचलेली भाषा. तुमच्या कथेसाठी सीझरची हत्या (इ.स.पू. 44) आणि शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक (शके 1596) ही वर्षं त्या भाषेत कशी लिहायची आणि ‘इ.स.पू.’ला क्लिंगॉन शब्द काय, असं तुम्ही विचारलंय. तसा शब्द शोधत बसू नका. मी बसलो होतो, आणि शेवटी व्याकरणाचं पुस्तक उघडल्यावर उलगडलं. (क्लिंगॉन शब्द देवनागरीत लिहितोय. ख़, ग़, क़ हे घशातले उच्चार, आणि ' म्हणजे घसा क्षणभर बंद करून तोडलेला आवाज.)

वर्षाला शब्द आहे ‘डिष’. आता ही भाषा रचणाऱ्या मार्क ओक्रँडच्या 1985च्या शब्दकोशातला एक नियम बघा: आकडा नामाच्या आधी आला तर मोजणी, नंतर आला तर क्रमांक. ‘वा' डुष’ म्हणजे टॉर्पेडो सोडायची एक नळी, ‘डुष वा'’ म्हणजे नळी नंबर एक. म्हणून ‘1674 डिष’ म्हणजे तब्बल सोळाशे चौऱ्याहत्तर वर्षं, आणि ‘डिष 1674’ म्हणजे सन 1674. मराठीला हे नवं नाही. ‘शके 1596’ आणि ‘1596 वर्षे’ यात आपण कधी गोंधळतो का? इंग्रजीतून क्लिंगॉन शिकणाऱ्यांपेक्षा आपल्याला हे लवकर पचतं.

पण वर्ष कुणाचं, हे सांगावं लागतं. क्लिंगॉन लोकांचं कॅलेंडर पृथ्वीसारखं नाही. मालिकेत वॉर्फ या क्लिंगॉन पात्राच्या मुलाचा जन्म ‘मकटाग’ महिन्याच्या 43व्या दिवशी झालाय, म्हणजे महिनाच आपल्यापेक्षा बराच लांब. म्हणून पृथ्वीचं वर्ष असेल तर पुढे ‘टेरा'’ जोडा: ‘टेरा' डिष 1674’. अक्षरी लिहायचं असेल तर वा'षाड जाव्हव्हाट्ल षोचमाख़ लोष. इसवी सनासाठी एवढं पुरे.

खरी अडचण ‘पूर्व’ची. पहिल्यांदा मी ‘बेन’ वापरला. त्याचा अर्थ ‘इतक्या वर्षांपूर्वी’, आणि ‘इतक्या वर्षांनी’साठी ‘नेम’. दिसायला सोपं, पण हे दोन्ही आजपासून मोजतात. आज ‘2000 बेन’ लिहिलं तर पुढच्या वर्षी ते एका वर्षाने चुकलेलं असेल. संभाषणात चालेल, इतिहासात नाही.

शिवाय क्लिंगॉनच्या क्रियापदाला काळच नाही. गेला, जातो, जाईल, सगळं संदर्भावरून कळतं. त्यामुळे ‘आधी’ हे उघड सांगावंच लागतं, आणि त्यासाठी क्रियापदाला ‘पा'’ हा प्रत्यय लागतो. ‘बोग़’ म्हणजे जन्मणे, ‘बोग़पा'’ म्हणजे जन्मण्याआधी. कर्ता क्रियापदाच्या मागून येतो, म्हणून ‘बोग़पा' येषुष’: येशू जन्मण्याआधी. (येशूचं हे रूप माझं, उच्चाराला जवळचं म्हणून घेतलेलं.)

इथे इतिहासाची एक खोच आहे. हेरोद राजा इ.स.पू. 4मध्ये वारला असं बहुतेक इतिहासकार धरतात, आणि मत्तयच्या शुभवर्तमानात येशूचा जन्म त्याच्या कारकिर्दीतला आहे. म्हणजे येशू स्वतःच ‘ख्रिस्तपूर्व’! धर्म बाजूला ठेवला तरी ही शब्दरचना मला खटकते. त्यापेक्षा ‘बोव्ह’ घ्या, म्हणजे युग किंवा कालखंड. ‘क़ाष’ म्हणजे घडणे. ‘क़ाषपा' बोव्हव्हाम’ म्हणजे ‘हे युग येण्याआधी’. तुमच्या सीझरच्या हत्येसाठी, इ.स.पू. 44, मी असं लिहीन:

क़ाषपा' बोव्हव्हाम लोषमाख़ लोष डिष.

आकडा नामाच्या आधी आलाय हे बघा, कारण आता आपण वर्षं मोजतोय, वर्षाला नंबर देत नाही. ही जुळणी माझी आहे, शब्दकोशातलं तयार वाक्य नाही. पण प्रत्येक शब्द आणि प्रत्यय ओक्रँडचाच आहे, आणि जाणकार वाचक अडखळणार नाही.

आता शके. मजा अशी की क्लिंगॉनमध्ये साधा ‘क’ नाही, ‘ग’ नाही, ‘स’ नाही. जवळचं म्हणजे ‘षाक़े’. ‘षाक़े डिष 1596’ लिहिलं तर महाराष्ट्रातला वाचक ओळखेल, बाकीच्यांसाठी एकदा ‘टेरा' डिष 1674’ची जोड द्या. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक 6 जून 1674चा, म्हणून 78 वजा केले की बरोबर 1596 येतात. मात्र जानेवारी ते गुढीपाडवा या दरम्यानची तारीख असेल तर 79 वजा करा.

तुमच्या कथेतली माणसं क्लिंगॉन असतील तर मी कुठलंच मानवी शक वापरणार नाही. कालेस या त्यांच्या महापुरुषाचं नाव क्लिंगॉनमध्ये ‘क़ेलिष’, त्याच्या नावाने ‘क़ेलिष डिष’ करून आकडा नंतर घाला. शिवाजी महाराजांच्या दरबाराचं वर्णन करणारा क्लिंगॉन इतिहासकार स्वतःच्या पंचांगानेच वर्ष सांगेल, आणि कंसात आपल्यासाठी शके देईल.

उच्चाराची काळजी नको. ओक्रँड क्लिंगॉन रोमन लिपीत लिहितो, त्यातला मोठा ‘डी’ (D) म्हणजे जीभ टाळूकडे वळवून काढलेला, आपला ‘ड’. इंग्रजी बोलणाऱ्यांना त्यासाठी घाम गाळावा लागतो.