‘पोलीस कारवाई’ की ‘युद्ध’?

प्रश्न असा होता : “डच सरकारने १९४७ साली इंडोनेशियात पोलीस कारवाई केली” हे वाक्य मराठीत बरोबर आहे का? की ‘युद्ध’ म्हणावे?

व्याकरणाला धरून वाक्य निर्दोष आहे. तरी माझ्या मते ते तसे लिहू नये, आणि त्याचे कारण मराठीच्या ‘वर’ आणि ‘शी’ यांतच सापडते. कारवाई कोणावर तरी होते. युद्ध कोणाशी तरी होते. ‘वर’ म्हटले की एक वरचा आणि एक खालचा ठरतो. अतिक्रमणावर कारवाई, थकबाकीदारावर कारवाई. ‘शी’ म्हटले की समोरचा बरोबरीचा होतो. नेमकी हीच बरोबरी हेगच्या, म्हणजे डच, सरकारला मान्य करायची नव्हती.

इंडोनेशिया ही डचांची वसाहत. तिथले नेते सुकार्नो आणि हत्ता यांनी १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. डचांनी ते मानले नाही. मार्च १९४७ मध्ये दोन्ही बाजूंच्या लिंगाजाती या समझोत्याच्या करारावर सह्या झाल्या, पण चारच महिन्यांत, २१ जुलैला, डच फौजा जावा आणि सुमात्रात घुसल्या. सैन्य लाखाच्या आसपास, सोबत रणगाडे आणि विमाने. लष्कराने या मोहिमेला दिलेले नाव होते ‘प्रॉडक्ट’, म्हणजे उत्पादन, कारण मळे, साखर आणि तेल ताब्यात घ्यायचे होते. जगाला मात्र सांगितले गेले की ही ‘पोलितिओनेले आक्सी’ आहे. ‘पोलीस कारवाई’ हे त्याचेच शब्दशः मराठी. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतले कलम २(७) देशांतर्गत बाबीत हस्तक्षेपाला मनाई करते, आणि पोलीस तर घरातच फिरतात! भारत आणि ऑस्ट्रेलियाने प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला तेव्हा डचांची ढाल हीच होती. १९ डिसेंबर १९४८ रोजी प्रजासत्ताकाची राजधानी योग्याकार्ताच्या विमानतळावर छत्रीधारी सैनिक उतरवून राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांना कैद केले, तीही ‘पोलीस कारवाई’च.

आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात, ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले की सप्टेंबर १९४८ आणि निजाम आठवतो. तिथेही लष्कर होते आणि नाव पोलिसांचे होते. तिथेही प्रकरण अंतर्गत आहे हेच सांगायचे होते. साम्य इथेच संपते. हैदराबादेत निजामाच्या राजवटीतून सुटू पाहणारी प्रजा होती, तर जावात परतू पाहणारा परका राज्यकर्ता. म्हणून एकच शब्द दोन्हीकडे वापरला की मराठी वाचकाच्या मनात डचांची बाजू नकळत न्याय्य होऊन बसते. मला हा धोका फार मोठा वाटतो.

(जाता जाता : ‘कारवाई’ आणि ‘कार्यवाही’ यांची सरमिसळ नको. ठरावाची कार्यवाही, गुन्हेगारावर कारवाई.)

इंडोनेशियन लोक १९४७ आणि १९४८च्या त्या दोन डच मोहिमांना ‘आग्रेसी मिलितेर बेलांदा’, म्हणजे डच लष्करी आक्रमण, म्हणतात. पहिले आणि दुसरे. संपूर्ण लढ्याला ‘पेरांग कमर्देकाआन’. यातला ‘मर्देका’ हा मुळात आपला संस्कृत ‘महर्द्धिक’. समृद्ध, सामर्थ्यवान हा अर्थ तिकडे जाऊन ‘मुक्त’ असा झाला, आणि हा प्रवास मला विलक्षण सुंदर वाटतो.

‘स्वातंत्र्ययुद्ध’ मराठीत चालेल, फक्त एक भान ठेवावे. तिथे स्वातंत्र्य आधी जाहीर झाले आणि युद्ध नंतर आले. त्यामुळे ‘स्वातंत्र्य मिळवण्यासाठी’पेक्षा ‘टिकवण्यासाठी’ हे क्रियापद खरे. ‘बंड’ आणि ‘बंडखोर’ हे शब्दही टाळावेत; राज्य मान्य असेल तरच त्याच्याविरुद्ध बंड होते.

याच कारणाने ‘इंडोनेशिया १९४९ मध्ये स्वतंत्र झाला’ हे वाक्यही दुरुस्त करायला हवे. २७ डिसेंबर १९४९ हा डचांनी सार्वभौमत्व सोपवल्याचा दिवस. १७ ऑगस्ट १९४५ ही तारीख निःसंदिग्धपणे मान्य असल्याचे डच पंतप्रधान रुट यांनी २०२३ साली संसदेत सांगितले.

तेव्हा वाक्य असे करा : “१९४७ साली डचांनी इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकावर आक्रमण केले आणि त्याला ‘पोलीस कारवाई’ म्हटले.” अवतरणचिन्हे काढू नका.