स्टेशनपासून सात मिनिटं

प्रिय मावशी,
ऑक्टोबरपासून मी जर्मनीत मास्टर्स करायला जातेय. दोन वर्षं नोकरी करून साठवलेल्या पैशांतून त्याआधी आई, बाबा आणि धाकट्या भावाला जपान दाखवायचंय. 11 ते 20 ऑगस्ट. टोकियो, हाकोने, कानाझावा, क्योटो, ओसाका, हिरोशिमा. वेळांसकट तक्ता तयार आहे, सोबत पाठवतेय. आई खूश आहे, भाऊ तर नाचतोय. बाबांना मात्र काडीचा उत्साह नाही. "तुम्ही तिघं जा ना" म्हणतात, खर्चाचं कारण पुढे करतात, तक्ता उघडूनही बघत नाहीत. विचारतात ते एवढंच, की हॉटेल स्टेशनपासून किती लांब आहे. तीनदा विचारून झालं! सगळी हॉटेलं सात-आठ मिनिटांवर आहेत, मी नकाशेही पाठवले. मी इतकं करतेय आणि त्यांना त्याचं काहीच नाही. त्यांना मागे ठेवून जावं, की ट्रिपच रद्द करावी?
– हिरमुसलेली

अगं हिरमुसलेल्या मुली,

तक्त्याचं कौतुक तुझ्या मैत्रिणी करतील. मला बोलायचंय ते त्या तीनदा विचारलेल्या प्रश्नाबद्दल. तक्रारीच्या ओघात तू तो लिहिलास आणि पुढे गेलीस.

ज्याला जायचंच नसतं, तो काही विचारत नाही. ज्याला पैसे डाचतात, तो भाडं विचारतो. स्टेशनपासून हॉटेल किती लांब हे तोच विचारतो, जो मनातल्या मनात ते अंतर चालून बघतोय आणि वाटेत कुठेतरी अडकतोय.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. दुसऱ्या मजल्याच्या भिंतीवर पाण्याची टाकी धुणार असल्याची नोटीस होती. टाकी केव्हाच धुऊन झाली, नोटीस तशीच राहिली. आमचे अण्णा रोज कठड्यावर हात ठेवून, चष्मा कपाळावर सरकवून ती अथपासून इतिपर्यंत वाचायचे. मी वरून ओरडायचे, "अण्णा, पाठ झाली असेल आता!" त्यांना दम लागतो हे मला कळलं ते त्यांचा रिपोर्ट हातात पडल्यावर. आणि मी त्याच घरात राहत होते. तू तर निघालीस जर्मनीला.

आता तुझी ती सात मिनिटं. जपानात घरांच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून अमुक मिनिटं' लिहिताना 80 मीटरला एक मिनिट धरायचा नियम आहे. सिग्नलला थांबणं, चढ चढताना मंदावणं हे त्यात धरत नाहीत. त्या मापानं सात मिनिटं म्हणजे 560 मीटर. तेही स्टेशनच्या योग्य दारापासून, फलाटापासून नव्हे. तुझ्या तक्त्यात पहिलंच हॉटेल टोकियोतल्या शिंजुकूचं आहे. त्या स्टेशनला दोनशेच्या वर दारं आहेत. चुकीच्या दारानं बाहेर पडलात तर सातची वीस मिनिटं कधी होतील कळणारही नाही, आणि हातात बॅगा.

क्योटोच्या रकान्यात तर तू कहरच केलायस. सकाळी फुशिमी इनारी देवस्थानाची पूर्ण फेरी, दुपारी कियोमिझुदेरा मंदिर, संध्याकाळी गिओनची जुनी वस्ती. इनारीचा डोंगर 233 मीटरच आहे, पण तोरीच्या कमानींखालून जाणारी ती फेरी म्हणजे दोन-तीन तास पायऱ्याच पायऱ्या. कियोमिझुदेराला पोचायलाही चढच. आणि क्योटोतल्या ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या पुढे जातो. या सगळ्यात बाबा बसतात कुठे? अगदी शब्दशः विचारतेय, बसतात कुठे?

बाबांचाही मला राग आलाय. दुखतंय एवढं म्हणायला माणसांच्या जिभेला काय होतं देव जाणे, खर्चाच्या आड लपतात आणि पोरीला हिरमुसवतात. पण मला पत्र त्यांनी नाही लिहिलं, तू लिहिलंस, म्हणून बोलणी तुलाच.

उद्या सकाळी त्यांच्याबरोबर चालायला जा. जपानचं नाव काढायचं नाही आणि फोन घरी ठेवायचा. त्यांच्यापेक्षा अर्धं पाऊल मागे राहा. ते कुठे थांबतात, थांबल्यावर हात कुठे जातो, गुडघ्यावर, कमरेवर की छातीवर, हे नीट बघ. छातीवर गेला किंवा दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टर. गुडघा असेल तर त्याच आठवड्यात. "काही नाही गं, वय झालं" म्हणतील. म्हणू देत. अपॉइंटमेंट घेऊन मगच सांग. तोवर एकही तिकीट काढायचं नाही.

डॉक्टर हो म्हणाले की जायचं, आणि चौघांनी जायचं. 'त्यांना मागे ठेवून' हे पुन्हा लिहू नकोस. फक्त सहा गावांची दोन कर, टोकियो आणि हाकोने. क्योटो नाही? नाही. क्योटो 794 साली वसलंय, तुझी डिग्री होईपर्यंत कुठे जात नाही. शिंजुकूहून रोमान्सकार नावाच्या रेल्वेगाडीनं हाकोनेला दीड तासात पोचता. तिथे डोंगर चढायला केबलची गाडी, दरीवरून रोपवे, आशी तलावात बोट, म्हणजे अख्खं हाकोने बसून बघता येतं. तिथल्याच ओवाकुदानीला गंधकाच्या वाफा निघतात. तिथल्या पाण्यात उकडून काळी झालेली अंडी मिळतात, एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं म्हणे. बाबांना दोन दे.

पैशांचंही आपोआप जमेल. जपान रेल्वेचा सात दिवसांचा पास, जेआर पास, 2023च्या ऑक्टोबरात 29,650 येनांवरून 50,000 वर गेला. चौघांचे दोन लाख येन झाले. दोनच गावं केलीस तर तो लागतच नाही.

आणि तारखा बदल. 13 ते 16 ऑगस्टला ओबोन, म्हणजे त्यांचा पूर्वजांचा सण असतो, अख्खा जपान गावी निघतो, त्या दिवसांत नोझोमी या बुलेट ट्रेनना विनाआरक्षण डबाही नसतो. शिवाय जर्मनीच्या व्हिसाला आठवडे लागतात आणि अर्जाबरोबर पासपोर्ट जमा करावा लागतो. तू टोकियोत आणि पासपोर्ट खिडकीपलीकडे, असं जमत नाही. तो हातात आल्यावर सप्टेंबरात जा. हे खरं तर तुझ्या त्या तक्त्यात सगळ्यात वर असायला हवं होतं, पण असो.

बॅगा ताक्क्युबिननं, म्हणजे तिथल्या सामान पोचवणाऱ्या कुरिअरनं, एका हॉटेलातून दुसऱ्यात पाठवा, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचतात. मग हात मोकळे राहतात, एक हात बाबांच्या कोपराखाली ठेवायला. मुद्दाम धरलाय असं दिसू देऊ नकोस, त्यांना आवडणार नाही.

चौथ्यांदा विचारलं, हॉटेल किती लांब आहे, तर नकाशा पाठवू नकोस. टॅक्सीनं जाऊ म्हण. टोकियोत 2022च्या नोव्हेंबरात पहिल्या साधारण 1.1 किलोमीटरला 500 येन ठरले होते, म्हणजे तुझी सात मिनिटं त्यात जवळजवळ दोनदा बसतात. मागचं दार ड्रायव्हर आतूनच उघडतो आणि लावतो, आपण हात लावायचा नसतो. तेवढं मात्र बाबांना आधी सांगून ठेव.