हवालदारभाऊ, दुसरी नोकरी सोडण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २४ वर्षं फौजेत काढलीत, शेवटी सीक्यूएमएच, म्हणजे कंपनीचं राशन-सामान सांभाळणारे क्वार्टर मास्टर हवालदार होता, घरी येऊन सात महिने झाले आणि चाकणच्या बाजूला गोदामात शिफ्ट सुपरवायझर म्हणून दुसरी नोकरी चालू आहे. पोरं ऐकत नाहीत, एक जण रोज वीस मिनिटं उशिरा येतो, २७ वर्षांचा मॅनेजर सगळ्यांसमोर नावानं हाक मारतो आणि तुम्हाला हीही नोकरी सोडावीशी वाटते. मी २०१२ मध्ये नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो आणि तेव्हापासून गोदामांतच काम करतोय. तुम्ही लिहिलंय त्यातलं बरंचसं माझ्यावरून गेलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण एक गोष्ट विसरतो. फौजेत रगडणारा आणि सांभाळणारा माणूस एकच असतो. जो हवालदार जवानाला ग्राउंडवर पळवतो, तोच त्याची छुट्टी कंपनी कमांडरसमोर, म्हणजे आपल्या तुकडीच्या मुख्य अधिकाऱ्यासमोर, मांडतो आणि घरून वाईट फोन आला की रात्रीच्या रात्री त्याला स्टेशनपर्यंत गाडी मिळवून देतो. जवान आपला आवाज ऐकून घेतो तो याच्या जोरावर. गोदामात आपण पहिल्या दिवशी नुसता आवाज घेऊन जातो. सांभाळ अजून कुणी बघितलेलाच नसतो.

मला हे कळलं ते दुसऱ्या महिन्यात. संध्याकाळची वेळ, नागपूरची ३२ फुटी गाडी भरत होती. परभणीकडचा एक २१ वर्षांचा पोरगा जड खोके वरच्या थराला लावत होता. मी बॅरेकमधल्या आवाजात, सगळ्यांसमोर, त्याच्यावर ओरडलो. तो काही बोलला नाही. हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवून पॅलेटवर ठेवले आणि गेटकडे चालू लागला. त्याच्यामागून आणखी दोघं गेले. गाडी अर्धी भरलेली तशीच उभी. मी, ड्रायव्हर आणि गेटवरचा एक गार्ड, असं तिघांनी मिळून ती साडेनऊला बंद केली. माझ्या डोक्यात एकच शब्द होता, भगोडा, म्हणजे फौज सोडून पळालेला.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं सांगितलं की तो पोरगा सकाळी सहापासून कामावर होता. बदली माणूस सलग तिसऱ्या दिवशी आला नव्हता आणि दुपारी त्याला जेवायलाही सोडलं नव्हतं. भाऊ, फौजेत माझ्या सेक्शनमध्ये, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीत, कोण जेवलं आणि कोण राहिलं हे मला न विचारता माहीत असायचं. इथं त्या पोराचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. तो हिशेब घ्यायला आला तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, काल माझं चुकलं. दोन दिवसांनी तो कामावर परत आला आणि पुढं तीन वर्षं माझ्याच शिफ्टला होता.

तेव्हापासून शिफ्टच्या दहा मिनिटं आधी मी पाण्याच्या टाकीपाशी उभा राहतो. रांगेत फॉलइन नाही, रोल कॉल नाही. नाईट करून कोण थांबलंय, कुणाचा हात दुखतोय, कुणाचा पगार अडकलाय, एवढंच विचारतो. आणि काम सांगताना कारणही सांगतो. जड खोका खाली का, तर वरचं वजन हलक्या खोक्याला पेलत नाही, माल दबतो, गिऱ्हाईक परत पाठवतं आणि तोच माल पुन्हा आपल्यालाच उतरवावा लागतो. एकदा हे कळलं की मागं उभं राहावं लागत नाही. आपल्याला वाटतं कारण सांगितलं की हुकमाचं वजन जातं. माझा अनुभव उलटा आहे.

आता 'हो सर'चं. आपल्याकडे 'ठीक है साब' म्हणजे काम झालंच, आणि झाल्यावर तो येऊन रिपोर्टही देणार. सिव्हिलमध्ये 'हो सर' म्हणजे तुमचं बोलणं कानावर आलं. 'बघतो' म्हणजे बहुतेक होणार नाही. 'करून घेऊ' म्हणजे कोण करणार ते अजून ठरलेलं नाही. यात खोटेपणा नाही, ती त्यांची बोलायची रीत आहे. म्हणून मी लगेच विचारतो, कोण करणार आणि किती वाजेपर्यंत? उत्तर व्हॉट्सॲपवर तिथल्या तिथं टाकून ठेवतो. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी एक चक्कर मारतो. निम्म्या कटकटी यानं संपतात.

मॅनेजर नावानं हाक मारतो याचा राग मी समजू शकतो. आपल्या सातारा भागात पेन्शनवर आलेला कुठलाही फौजी गावासाठी 'मेजर' असतो. घरोघरी फौजी असलेल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर तुम्ही काय करून आलात हे कुणाला सांगावंच लागत नाही. चाकणला ते कुणालाच माहीत नाही. पण तो पोरगा त्याच्या वरच्या साहेबालाही नावानंच हाक मारत असेल, लक्ष देऊन ऐका. त्यात अपमान नाही. आणि एक आठवा. २२-२३ वर्षांचा नवा लेफ्टनंट प्लाटूनवर यायचा तेव्हा आपली पंधरा वर्षांची सर्व्हिस झालेली असायची. आपण त्याला सॅल्यूट मारायचो, साब म्हणायचो, आणि रात्री नकाशा घेऊन बसलं की हळूच सांगायचो, साब, या नाल्यात पाणी असतं. तो ऐकायचा, शिकायचा. हा मॅनेजर तसाच आहे. त्याला सिस्टिम येते, एक्सेल येतं. माणसं आणि माल तुम्हाला कळतात. फक्त ते त्याच्या केबिनमध्ये सांगा, फ्लोअरवर चारचौघांत नाही.

पगाराबद्दल तुम्ही लिहिलंय की 'जे द्याल ते' म्हणालात. हे आपण सगळेच करतो, कारण आपला पगार वेतन आयोगानं ठरवला, आपण कधी मागितलाच नाही. इथं न मागणाऱ्याला कमी मिळतं. पेन्शनचा आकडा मुलाखतीत सांगू नका, तुमच्या कामाच्या मोलाशी त्याचा संबंध नाही. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, किती आणि हातात किती येणार, हे वेगवेगळं विचारा. पीएफचे १२ टक्के तुमच्या पगारातून कापले जातात, कंपनीचा वाटा सीटीसीत धरलाय का तेही विचारा. आणि बायोडेटात नुसतं 'सीक्यूएमएच' लिहू नका, एचआरच्या मुलीला ते कळणार नाही. लिहा की १२० माणसांच्या कंपनीचं राशन, कपडे आणि सामानाचा साठा सांभाळला, लेजर ठेवलं, दरवर्षी मोजणी दिली. गोदामाला नेमका हाच माणूस हवा असतो.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची अजून वर्षभर सर्व्हिस बाकी आहे त्यांना एक विनंती. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे निवृत्तीआधीचे कोर्स छुट्टी समजून घालवू नका. आणि सरकारी बँकांत गट क मध्ये माजी सैनिकांना साडेचौदा टक्के जागा आहेत, अभ्यास युनिटमध्ये असतानाच सुरू करा. जे अग्निवीर चार वर्षं पूर्ण करून बाहेर येतात, त्या पोरांना पेन्शन नसते. त्यांना तर हे सगळं आधी सांगायला हवं.

घराचंही थोडं. वहिनींनी इतकी वर्षं मुलं, शाळा, आजारपण, शेत एकटीनं चालवलं. गोदामातला राग घरी नेऊन डब्यांची आणि कपाटांची तपासणी करू नका. संध्याकाळी एकटं बसून पिणं वाढलं असेल, झोप उडाली असेल, तर ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पाठदुखीसाठी जातोच ना आपण, तसंच.

राजीनामा आत्ता लिहू नका. सोमवारी मॅनेजरकडे दहा मिनिटं मागा. तक्रार सांगू नका, गरज सांगा: संध्याकाळच्या शिफ्टला एक माणूस जास्त हवा, आणि बदली माणूस आल्याशिवाय कुणाला अडकवून ठेवायचं नाही. जवानाची अर्जी घेऊन आपण कंपनी कमांडरकडे जायचो, तसंच पोरांसाठी जा. त्यांना ते कळतं, कुणी न सांगता कळतं.

आणि तो वीस मिनिटं उशिरा येणारा. तो कुठून येतो, पहिली बस किती वाजता आहे, घरी कोण आहे, हे आधी विचारा. मग काय करायचं ते ठरवा.