गावाच्या नावाने शोधू नका, शीट नंबरने शोधा

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. आपल्याच तालुक्यात कुठे कोणता खडक आहे याचा नकाशा मुलांना दाखवायचाय. गूगलवर तालुक्याचं नाव टाकून शोधलं तर कुठल्यातरी पेपरमधली पुसट चित्रं येतात, नाहीतर पैसे मागणाऱ्या साइट. सरकारकडे असा नकाशा असतो का? आणि फुकट मिळतो का, की अर्जबिर्ज करावा लागतो?

उत्तर : असतो, फुकट मिळतो आणि घरबसल्या मिळतो बाई, फक्त तो जुन्नर या नावाखाली ठेवलेला नाही, सगळी गोची तिथेच आहे. हे नकाशे जीएसआय म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतं, 1851 पासूनची संस्था, मुख्यालय कोलकात्याला, आणि त्यांचं काम गाव-तालुक्याच्या हद्दीवर नाही तर टोपोशीटवर, म्हणजे अक्षांश-रेखांशांनी पाडलेल्या नंबरवार चौकोनी नकाशांवर चालतं. त्यामुळे आधी आपला शीट नंबर काढायचा. तो काढणं अगदी सोपंय. महाराष्ट्राचा बराचसा पश्चिम भाग 47 नंबरात येतो, त्यात एक-एक अंशाचे 16 चौकोन, ए पासून पी पर्यंत, आणि त्या प्रत्येकाचे परत 15-15 मिनिटांचे 16 तुकडे, अक्षरं आणि नंबर दोन्ही वरून खाली मोजायचे, एक उभी रांग संपली की उजवीकडची. जुन्नर गाव साधारण 19 अंश 12 मिनिटं उत्तर, 73 अंश 52 मिनिटं पूर्व, म्हणजे शीट 47 ई/16. शिवनेरी पण त्यातच. पण नाणेघाट बघायला गेलात तर तो 47 ई/11 मध्ये जातो, म्हणजे एका शीटमध्ये तुमचा तालुका मावत नाही, शेजारच्या पण घ्याव्या लागतील. (सर्व्हे ऑफ इंडियाचे नवे ओपन सिरीज नकाशे बघाल तर त्यांचा नंबर वेगळा, ई 43 ने सुरू होणारा दिसेल, गोंधळू नका, खडकांच्या नकाशासाठी जुनाच नंबर धरा.)

आता जीएसआयचं भूकोश पोर्टल उघडा. तिथे नकाशा नुसता बघताही येतो आणि डाउनलोडही करता येतो, डाउनलोडसाठी रजिस्टर करावं लागतं. लेयरच्या यादीत जिऑलॉजी दोन स्केलमध्ये दिसेल, एक 1:50,000 आणि दुसरा 1:20 लाख. चुकून दुसरा घेतलात तर तुमचा अख्खा तालुका एकाच रंगात दिसेल आणि मुलं विचारतील बाई यात बघायचं काय, कारण त्यात 1 सेंमी म्हणजे 20 किमी. 50 हजारवाल्यात 1 सेंमी म्हणजे 500 मीटर, तोच घ्या.

डाउनलोड झिप फाइलमध्ये येतं, आत एकाच नावाच्या चार-पाच फाइली असतात. त्यातली एकच उचलून दुसरीकडे ठेवली की नकाशा उघडत नाही, अख्खं फोल्डर एकत्र ठेवा. उघडायला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. एखाद्या रंगावर क्लिक केलंत की ग्रुप (थरांचा मोठा गट), फॉर्मेशन (त्यातला छोटा गट), खडकाचा प्रकार अशी माहिती बाजूला येते, आणि खरी मजा तिथे आहे. आपल्या भागातल्या बेसॉल्टच्या थरांना जीएसआयने सह्याद्री ग्रुप म्हटलंय आणि त्याच्या आत साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर अशी नावं आहेत. मुलांनी अर्धे किल्ले पाहिलेले असतात, मग खडकांचे थर पाठ करायला लावावे लागत नाहीत! फक्त एक सांभाळा, विद्यापीठांच्या पेपरमध्ये ह्याच डोंगरांचे थर वेगळ्या पद्धतीने लावलेत, तिथे नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, बुशे, पोलादपूर, आंबेनळी अशी नावं येतात. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच तक्त्यात मिसळू नका, आणि महाबळेश्वर दोन्हीकडे आहे म्हणून दोन्हीकडची हद्द एकच असेल असं तर अजिबात धरू नका.

प्रश्न : हा नकाशा बघून शेतात बोअर कुठे घ्यायचं ते कळेल का? आमच्याकडे तीन भाऊ तीन जागा दाखवतायत.

उत्तर : नाही कळणार, आणि कळतं म्हणून कोणी प्रिंट विकत असेल तर पैसे देऊ नका. 1:50,000 वर पेन्सिलची अर्धा मिलिमीटरची रेघ जमिनीवर 25 मीटर व्यापते, त्यात तुमचे तीनही भाऊ बसतील. शिवाय दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी कुठल्या एका रंगाच्या खडकात नसतं, ते वरच्या मुरमात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात असतं, आणि ते शेताशेताला बदलतं. भूकोश आणि इस्रोच्या भुवनवर लिनिअमेंटचा, म्हणजे जमिनीतल्या लांब सरळ रेषांचा लेयर आहे, तो लोक बोअरसाठी फार मनावर घेतात. पण ती रेघ पाणी देणारी भेग असू शकते तशीच पाणी अडवणारी डाइकची, म्हणजे भेगेत लाव्हा घुसून थिजलेल्या खडकाची भिंतही असू शकते, उपग्रहाच्या चित्रावरून काढलेली रेघ ते सांगत नाही. तुमच्या कामाचं दुसरीकडे आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या साइटवर जिल्हावार भूजल पुस्तिका आणि जलधरांचे, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरांचे नकाशे आहेत, त्यातून आपल्याकडे साधारण किती खोलीवर काय लागतं ह्याचा अंदाज येतो, आणि राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्ह्याला ऑफिसं आहेत, तिथे भूवैज्ञानिक असतात. गट नंबर घेऊन त्यांना भेटा, आणि जाताना शेजारच्या विहिरींची खोली आणि उन्हाळ्यातली पाण्याची पातळी लिहून न्या, कुठल्याही नकाशापेक्षा तो कागद तिथे जास्त चालतो.

प्रश्न : जीएसआयच्या एका जुन्या रिपोर्टची लिंक मिळाली, पण क्लिक केलं की पान सापडत नाही असं येतं. रिपोर्ट काढून टाकला का?

उत्तर : बहुतेक नाही, सरकारी साइट नव्याने बनली की जुने पत्ते मरतात, फाइल दुसरीकडे हललेली असते. लिंक सोडा, रिपोर्टचं नाव, फील्ड सीझनचं, म्हणजे प्रत्यक्ष पाहणी झाली ते वर्ष आणि शीट नंबर घेऊन जीएसआयचे रिपोर्ट जिथे ठेवलेत त्या ओसीबीआयएस पोर्टलवर शोधा, आणि डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेलं एनजीडीआर म्हणजे राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडारही बघा. नाहीच सापडलं तर मेलेला पत्ता वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवर टाकून बघा, पीडीएफ कधी कधी तिथे जशीच्या तशी असते. तरी नाही तर जीएसआयच्या नागपूर ऑफिसला रीतसर मेल लिहा, मात्र मेलमध्ये "अमुक गावचा रिपोर्ट" लिहू नका, वर्ष आणि शीट नंबर लिहा.