परसात कपडे धुण्याचा कट्टा घालताय? पाण्याला आवर घाला

बाळा, पहिल्यांदाच काँक्रीट कालवतोयस, तर सगळ्यात आधी पाणी मोजून घे. सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्याला २५ ते २८ लिटर बास. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. फावडं जड जातं म्हणून माणूस तांब्या-तांब्यानं पाणी वाढवतो. मीही पहिल्या कट्ट्याला तेच केलं. वर नुसता सिमेंटचा राप आला, खडी तळाला बसली आणि वर्षाच्या आत कडा भुगा होऊन निघाल्या. अजून वाईट वाटतं.

प्रमाण एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी. वर गाडी उभी राहणार असेल तर एक, दीड, तीन. माप एकाच घमेल्याचं ठेव आणि दरवेळी सपाट भर. ओली वाळू फुगते, म्हणजे घमेलं भरलेलं दिसतं पण आत वाळू कमीच असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आधी कोरडंच परतून घे, सगळा रंग एकसारखा झाला की मग पाणी. कालवलेलं अर्ध्या तासात संपव; घट्ट झालेल्यात पुन्हा पाणी घालू नकोस.

खानापूरकडे असशील तर मिरगाच्या पावसाआधी उरक. पण एप्रिलच्या उन्हात भरदुपारी ओतू नको, सकाळी लवकर ओत. दुसऱ्या दिवसापासून ओलं गोणपाट टाक, किमान दहा दिवस सुकू देऊ नकोस. बाजारात मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्याला एवढे दिवस लागतातच.

आणि हातमोजे घाल. ओलं सिमेंट कातडी भाजतं.